अमावस्येला घरी नसणारं स्थळ

पाइप शेतात उतरले की आधी त्यांच्यावर खूण करायची आणि मग ट्रॅक्टरवाल्याला चहा द्यायचा, अशी आमच्या बावड्यातली रीत आहे. कोणी आडनावाचं पहिलं अक्षर रंगवतं, कोणी निळी फुली मारतं. माझी खूण म्हणजे दोन लाल पट्टे आणि त्यांच्यामध्ये माझा अंगठा. ट्रॉली रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट करवंटीत घ्यायचा, डावा अंगठा त्यात बुडवायचा आणि पाइपावर दाबायचा. पट्टे काय, कोणीही ओढेल. अंगठा कुठून आणेल? बायको म्हणते, असा अंगठे लावत फिरणारा माणूस तालुक्यात दुसरा नसेल. मी म्हणतो, म्हणूनच माझे पाइप जागेवर असतात.

तरी एक गेलाच. विहिरीपासून खालच्या वावरापर्यंत लाइन टाकली तेव्हा एक कांडकं उरलं होतं. चांगलं जाड, सहा इंची, उभं केलं तर माझ्या छातीपर्यंत येईल एवढं. गोठ्याच्या माळ्यावर ठेवलं होतं. एका सकाळी बघतो तर जागा रिकामी, धुळीत फक्त त्याचा वळ. कशाला लागणार होतं मला ते? कशालाच नाही. पण न लागणारी वस्तू गेली तरी ती गेलीच म्हणायची. माझा संशय शेजाऱ्यावर होता. त्याच्या बांधावरून जाताना चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून मी थांबायचो आणि त्याच्या मोटारीपासून निघालेली लाइन नजरेनं चाचपून घ्यायचो. त्याला वाटलं माझा पाय दुखतो. एकदा त्यानं मला चोळायला तेल आणून दिलं. त्या तेलानं माझा संशय आणखी वाढला.

हा स्वभाव मी आईच्या पोटातून आणला नाही, नोकरीनं दिला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकुनी करत माझी उमर गेली. उसाची ट्रॉली काट्यावर आली की शेतकऱ्याला वाटायचं मी काटा मारणार, आणि मला वाटायचं यानं मोळ्यांच्या मध्ये दगड ठेवलेत. मी वाकून चाकापाशी बघायचो, तो माझ्या बोटांकडे बघायचा, आणि दोघंही एकमेकांकडे बघून गोड हसायचो. असं हसण्यात जन्म गेलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला की बायकोनं दिलेला चहासुद्धा आधी हुंगतो.

मुलीच्या लग्नाचं बघायला लागलो आणि हा स्वभाव घरच्यांना भोवायला लागला. आम्हाला ही एकच मुलगी. बारामतीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहते आणि शनिवारी घरी येते. पहिलं स्थळ आलं तेव्हा सगळे मुलावर खूश होते. मला त्याचं सारखं पुण्याला जाणं खटकलं. खणून काढलं तेव्हा कळलं, पठ्ठ्यानं पुण्यात नोंदणी करून एक लग्न आधीच उरकलं होतं. त्या दिवशी माझी घरात एवढी वट वाढली की बायकोनं पुरण घातलं. दुसऱ्या स्थळाच्या घरी सोफा नवाकोरा होता, वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं, आणि मुलगा फोन आला की उठून बाहेर जायचा. मी म्हणालो, सोफा मागून आणलेला आहे आणि फोन सावकाराचा आहे. मोडलं. तो मुलगा पुढे अकलूजकडच्या मुलीशी लग्न करून सुखात आहे असं ऐकतो. मी चौकशी केलेली नाही.

त्या दुसऱ्या खेपेनंतर मुलगी मला म्हणाली होती, "आबा, तुमी मानूस बघायला जाता का चोर?" मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. पुढचे दोन शनिवार ती घरी आली नाही, काम आहे म्हणाली.

तिसरं स्थळ माझ्या मेव्हण्यानं आणलं. हा बायकोचा धाकटा भाऊ, राहायला इंदापूरला, एक जुनी जीप बाळगून आहे आणि तिच्यातून सगळ्या पाहुण्यारावळ्यांची कामं करत हिंडतो. मुलगा डाळजचा, घरची शेती, स्वतः बारामतीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर. फोटोत मुलाचे केस विंचरलेले नव्हते. मी तेवढं बोललो तर बायकोनं फोटो माझ्या हातातून काढून घेतला.

"पोरगी काय म्हणली ते ऐका आधी," ती म्हणाली. "ती म्हणती, ह्येला न्हाय म्हणालात तर परत पोह्याची ताटली घिऊन कुनापुढं येणार न्हाय. आता न्हाय म्हणायचं असंल तर तिच्या तोंडावर तुमीच म्हणा. मी निरोप सांगणार न्हाय."

मुलगी तिशीला टेकलेली. बोलल्याप्रमाणे करणारी. म्हणजे या खेपेला माझ्या एका 'नाही'वर तिचं लग्नच अडणार होतं, आणि माझ्या एका चुकीच्या 'हो'वर तिचा जन्म. मला झोप लागेना. मी चौकशीला लागलो.

स्थळाची चौकशी हे एक शास्त्र आहे. मुलाच्या घरी जायचं नाही. गावात उसाचं बेणं घ्यायला आलोय म्हणायचं, आणि चहाच्या टपरीवर बसून बोलणं मुलाच्या घराकडे हळूहळू वळवायचं. मी डाळजला तसाच गेलो. हायवेच्या कडेला टपरी, मालक बोलका. घर चांगलं, बाप सरळ, आई कष्टाची, भांडणतंटा नाही. मी उठायच्या बेतात होतो तेवढ्यात तो माणूस पुढे झुकला.

"सगळं ब्येस हाय, पाव्हणं. पर एक हाय. त्ये पोरगं आमुशाला घरी नसतं."

"म्हंजे?"

"दर आमुशाला. दिस मावळायला काळी पिशवी घ्यून माळाकडं जातंय, तितं ना घर ना वस्ती. उजाडताना येतंय. काय करतंय कुनास ठावं. आमी काय बोलत न्हाय."

मी परत बसलो आणि आणखी एक चहा सांगितला. दारू असती तर मी समजू शकलो असतो, दारूला पौर्णिमा-अमावस्या लागत नाही. अमावस्येला, माळावर, काळी पिशवी घेऊन जाणाऱ्याला आमच्याकडे एकच नाव आहे. लिंबू, हळदकुंकू, काळी बाहुली, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण असल्या गोष्टी करणारी माणसं असतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. अशाच्या घरात माझी मुलगी?

घरी येऊन मेव्हण्याला फोन लावला आणि त्याची चामडी सोलली. सगळं ऐकून तो म्हणाला, "दाजी, त्यो तारं बघतो. दुर्बिणी बनिवतो. त्यांची मंडळी हाईत बारामतीत, दरसाली मेळा भरिवत्यात. ह्या ऐतवारी हाय. चला, डोळ्यांनी बघा."

तारे बघायला अमावस्या कशाला लागते? आभाळच बघायचं तर चंद्र असलेला काय वाईट? मला ते पटलं नाही, पण जायचं ठरवलं. मुलाला माझा चेहरा माहीत नव्हता, बघण्याचा कार्यक्रम व्हायचा होता. म्हणजे ओळख न देता त्याला जवळून तपासायची संधी. मेव्हण्यालाही बरोबर घेतलं. स्थळ आणणाऱ्याला मोकळं सोडलं की तो आधी पलीकडच्यांना सावध करतो.

निघताना मुलीनं माझा स्वेटर आणून हातात दिला. "राहू द्या आबा, संध्याकाळी त्या मैदानावर लई वारं सुटतं." दरवर्षी या रविवारी तिला ऑफिसचं काम निघायचं आणि ती बारामतीला थांबायची. या वर्षी मात्र घरी होती. मी स्वेटर घेतला आणि जीपमध्ये बसलो. एवढा संशयी माणूस मी, पण तेव्हा माझं सगळं लक्ष डाळजच्या माळावर होतं.

मैदानावर पोचलो तर पहिलीच गोष्ट खटकली. कमानीवरच्या फलकावर एकाही पुढाऱ्याचा फोटो नव्हता. बारामतीत मांडव उभा आहे आणि वर कोणाचंच तोंड नाही, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दाराशी एक बाई बसल्या होत्या, शिक्षिका वाटत होत्या.

"कार्यक्रम कुणाचा आहे?" मी विचारलं.

"आमचाच. हौशी लोकांचा."

"पण मागं कोण आहे?"

त्यांनी खरोखर मागे वळून बघितलं. "मागे? चहाची टपरी आहे," त्या म्हणाल्या.

आत प्रवेश फुकट. फुकट म्हटलं की मी खिशावर हात ठेवतो. शेवटी प्लॉट विकणार, नाहीतर विमा गळ्यात मारणार, नाहीतर साखळी लावून पावडरीचे डबे. मी प्रत्येक टेबलापाशी वाट बघत उभा राहिलो की विक्री कधी सुरू होते. टेबलांवर नाना तऱ्हेच्या दुर्बिणी. काही दुकानातल्या चकचकीत, काही घरी बनवलेल्या, प्लायवूडच्या खोक्यांवर तोफेसारख्या डोलणाऱ्या. एका काकांनी दुर्बिणीच्या आरशासाठी काच घासण्याची रीत दाखवली. दोन जाड काचा, मध्ये पाणी आणि भुकटी, आणि घासत बसायचं, कित्येक महिने. मग अंधारात दिवा लावून, दाढीचं पातं आडवं धरून काचेवरच्या सावल्या बघायच्या. काच कुठे उंच राहिली, कुठे खोल गेली, सगळं सावलीत दिसतं. म्हणजे हे लोक काचेचीसुद्धा चौकशी करत होते. त्याबाबतीत मला त्यांच्याबद्दल थोडी आपुलकी वाटली.

एका दुर्बिणीतून सूर्य दाखवत होते, पुढे काळी झिरझिरीत पट्टी लावून. पिवळी थाळी दिसली आणि तिच्यावर दोन-तीन डाग.

"हे डाग काचेवरचे," मी म्हणालो.

"नाही हो, सूर्यावरचेच आहेत," दाखवणारा म्हणाला.

माझा मेव्हणा तेवढ्यात डोळा लावून बसला तो हलेचना. हेर म्हणून त्याला आणला होता, आणि तो लहान पोरासारखा एकेका रांगेत उभा राहत सुटला. वर भेटेल त्याला सांगत होता, आमचे दाजी बावड्याचे, काट्यावर होते. मी त्याला चिमटा काढला. "गप की. आपण कुणी न्हाय हितं."

मुलगा मैदानाच्या टोकाला सापडला. केस तसेच, फोटोतल्यासारखे. पांढऱ्या रंगाची लांब नळी प्लायवूडच्या खोक्यावर बसवलेली, समोर रांग. मी रांगेत न जाता आधी लांबून त्याला बघितलं. नखं काळी, लेथवाल्याची असतात तशी. डोळे तांबडे नाहीत. गळ्यात, दंडात कसला दोरा नाही. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत होता, पण त्याचं काय एवढं, लबाड माणसंही बघतात. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा त्यानं सगळ्यांसमोर उचलला आणि "नंतर करतो" म्हणून ठेवला. हे मी मनात टिपून ठेवलं, पण जमेला लावलं नाही.

दिवस कलायला आला होता. अर्धा चंद्र डोक्यावर फिकट दिसायला लागला, आणि मुलीनं सांगितलं होतं तसं वारं सुटलं. मी स्वेटर चढवला आणि रांगेत उभा राहिलो.

"या काका," तो म्हणाला. "चंद्र लावलाय."

नळीचं तोंड आभाळाकडे आणि बघायचं भोक बाजूला, वरच्या टोकाजवळ. चंद्र वर, आणि हा मला आडव्या भोकात बघायला सांगतो. मी डोळा लावला. खड्डे, डोंगर, काठावर सावल्या, एवढं स्वच्छ की मला वाटलं, हे आत चिकटवलेलं चित्र आहे. अस्सल वस्तू इतकी नीट दिसत नसते.

"आत फोटो हाय व्हय?" मी विचारलं.

"न्हाई काका. तुमीच बघा तपासून."

तपासायला सांगितल्यावर मी मागे हटणाऱ्यातला नाही. डोक्यावरची टोपी काढली आणि नळीच्या तोंडावर झाकण घातल्यासारखी धरली. भोकात डोळा लावला, सगळं काळं. टोपी काढली, चंद्र परत. पुन्हा झाकलं, पुन्हा काळं. रांगेतले लोक हसायला लागले. मुलगा हसला नाही, थांबून राहिला. मी आणखी एकदा झाकून बघितलं. चित्र नव्हतं. चंद्रच होता.

"आमुशाला काय करता मग? तेव्हा तर हा नसतो." मी सहज विचारल्यासारखं केलं.

"तवाच खरं काम असतं, काका. चंद्राचा उजेड लई. त्यो नसला की बारीक गोष्टी दिसत्यात, धुरकट, लांबच्या. म्हणून माळावर जायचं. जिथं कुनाचा दिवा न्हाय तिथं."

"डाळजच्या माळावर?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. डाळजचं नाव कोणी काढलंच नव्हतं. त्यानं एक क्षण माझ्याकडे बघितलं. "व्हय," एवढंच म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्या मैदानावर माझ्याच मनात पडलं होतं. नजर चुकवायला म्हणून मी मान खाली घातली आणि नळी न्याहाळल्यासारखं केलं.

नळी पांढऱ्या रंगानं रंगवलेली होती, वरपासून खालपर्यंत, हात बसलेला रंग. फक्त खालच्या अंगाला ओंजळीएवढी जागा रंगवायची सोडलेली. तिथे मूळचा राखाडी पाइप दिसत होता. त्यावर दोन लाल पट्टे. मध्ये एक अंगठा.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मग मी माझा डावा अंगठा त्याच्यावर ठेवला. तसा तो ठेवायची काही गरज नव्हती.

डोक्यात काय काय झालं ते सांगता येणार नाही. पहिल्यांदा राग आला, माझा पाइप! लगेच शेजारी आठवला, म्हणजे त्यानं या मुलाला विकला की काय. पण शेजाऱ्याला हा मुलगा कुठून माहीत? आमच्या गोठ्याच्या माळ्यावर परका माणूस चढला तर कुत्रं गाव गोळा करतं. ज्याच्यावर ते भुंकणार नाही असं घरात कोण आहे? बायकोला माळ्याची शिडी चढवत नाही. मग तो स्वेटर आठवला. त्या मैदानावर वारं सुटतं हे तिला कसं ठाऊक? दरवर्षी याच रविवारी ऑफिसचं काम. दोन शनिवार घरी न येणं. आणि हे स्थळ मोडलंत तर पुन्हा कोणापुढे येणार नाही, हे बोलणं. सगळं एका दोरीत ओवलं गेलं. स्थळ मेव्हण्यानं आणलेलं नव्हतं. माझ्या मुलीनं माणूस केव्हाच निवडला होता, आणि तो मला चौकशीच्या वाटेनं भेटावा अशी सोय केली होती. सरळ येऊन सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. याचं मला फार वाईट वाटलं.

पण जन्माची सवय जाते कुठे? समोर मुलगा उभा होता आणि माझ्या हातात त्याला तोलायला याहून चांगला काटा पुन्हा येणार नव्हता. खोटं बोलला तर माणूस कळेल. खरं बोलला तर माझी मुलगी उघडी पडेल. दोन्हीकडून तो अडकत होता.

"पाइप चांगला हाय," मी म्हणालो. "कुठनं आणला?"

त्यानं नळीवर हात ठेवला. घाई केली नाही.

"चोरीचा हाय, काका."

रांगेतलं कोणीतरी हसलं. मी नाही हसलो.

"कुणाचा?"

"ज्येंचा हाय त्येंना अजून सांगितलं न्हाई. सांगायचं हाय."

"आणि एवढी जागा रंगवायची का सोडली?"

"ती खूण हाय त्येंची. रंगवली असती तर खरी चोरी झाली असती. तशीच ठिवली म्हंजे वस्तू त्येंचीच ऱ्हाती. म्या नुस्ता आरसा बसिवलाय."

काट्यावर एवढी वर्षं मी बसलो. मोळीतून दगड निघाला तर शेतकरी म्हणायचा, रानातून आपोआप आला. काट्याला काही बिघाड निघाला तर आम्ही म्हणायचो, हवामानानं झालं. विचारल्याबरोबर 'चोरीचा आहे' म्हणणारा माणूस माझ्यासमोर कधी उभा राहिला नव्हता.  मी पुन्हा भोकाला डोळा लावला. चंद्र हळूहळू कडेला सरकत होता, आणि त्यानं मागून नळी बोटानं जराशी ढकलून तो परत मध्ये आणला. माझ्या गोठ्यात धूळ खात पडलेल्या पाइपातून ते डोंगर मी बराच वेळ बघितले. रांगेतल्या मागच्या बाईंनी शेवटी खाकरून आठवण केली तेव्हा बाजूला झालो.

निघताना तो म्हणाला, "तितं वायर आडवी गेलीय, जपून जावा, आबा."

चार पावलं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. इतका वेळ तो मला काका म्हणत होता. आबा मला फक्त माझी मुलगी म्हणते. म्हणजे त्यानं ओळखलं होतं. कधी? डाळजचं नाव काढलं तेव्हा, की टोपी काढली तेव्हा, की मेव्हण्यानं आधीच निरोप पोचवला होता? ओळखूनच 'चोरीचा' म्हणाला असेल तर पक्का हुशार. न ओळखता म्हणाला असेल तर सरळ. जीपपर्यंत मी दोन्ही पारड्यांत घालून बघत होतो, आणि काटा काही एका बाजूला झुकेना. पण दोन्हीकडे त्याला नाही म्हणण्यासारखं काही निघालं नाही, हे मला कबूल करावं लागलं.

जीप बारामतीबाहेर पडली तरी मेव्हणा तोंड उघडत नव्हता. तो गप्प बसला की काहीतरी असतं.

"बोल," मी म्हणालो.

"पाईप माझ्याच जीपमधनं गेलाय, दाजी."

"तुला म्हाईत होतं सगळं."

"सगळं न्हाय. भाची म्हणली, मामा, एवढं बारामतीला पोचव. मी पोचिवलं. मामानं इचारायचं नसतं."

हेर म्हणून ज्याला बरोबर घेतला तोच कटातला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला त्याचा राग यायला हवा होता. मी त्याला गाडी हळू चालवायला सांगितलं, तेवढंच.

घरी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होती. बायको ओसरीवर बसली होती. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, म्हणजे मुलगी चुलीपाशी होती. मी चप्पल काढली, टोपी खुंटीला अडकवली. मुद्दाम वेळ घेतला असंही असेल.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. "काय निघालं आता त्याच्यात?"

"काय न्हाय," मी म्हणालो. "रुखवताची तयारी करा. त्यातली एक वस्तू आधीच पोचलीय तिकडं."

बायकोला काही कळलं नाही.  आतला भाकरीचा आवाज मात्र थांबला.

मुलगी दारात आली. हाताला पीठ. मला वाटलं आता रडेल, किंवा कानावर हात ठेवेल, किंवा मामाचं नाव पुढे करेल. मी काटेवाला, मला तीन-चार उत्तरं आधीच माहीत असतात.

"आबा," ती म्हणाली, "पाइपाला आतनं काळा रंग लागतो. त्यो डबा पण म्याच नेलाय. माळ्यावरचा."

"बरं," मी म्हणालो.

तो डबा गेल्याचं माझ्या ध्यानातही नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आमच्या घरात मी न विचारता, न पकडता कोणी मला काही सांगितल्याची ती पहिलीच वेळ असेल. मी पाणी मागितलं. ती पाणी आणायला आत गेली.

जेवण झाल्यावर मी शिडी लावून माळ्यावर चढलो आणि बघितलं. डबा खरंच नव्हता.